हॉलिस मारणे

...नाही नाही नाही, अहो तपकिरी टोपीवाले, तुम्हालाच म्हणतेय मी! कॉफी प्या, आणखी घ्या, दरड कोसळून रस्ता बंद झाला म्हणून सरकारला शिव्या द्या, बसला द्या, मला द्या, पण आत्ता जे म्हणालात ना, 'ड्रायव्हर फोन करून येतो म्हणाला आणि हॉलिस मारला वाटतं', ते माझ्या खाणावळीत चालत नाही. दारावर पाटी लावलीय की हो एवढी मोठी! थुंकू नये, कुत्री आत आणू नयेत, तो शब्द उच्चारू नये. आता कुठला शब्द ते लिहिलेलं नाही, कारण लिहिला तर तो मीच उच्चारल्यासारखा झाला, नाही का? पण त्यामुळे होतं काय, की नवा माणूस आला की पाटी वाचतो आणि विचारतो, 'कुठला शब्द?', आणि त्या कोपऱ्यातल्या बाकावरचे आमचे टगे एका सुरात ओरडून सांगतात! म्हणजे पाटी नव्हती तेव्हा अधूनमधून कानावर यायचा, पाटी लावल्यापासून उठता-बसता ऐकतेय.

तुम्ही कुठले? सॅक्रामेंटोचे! घ्या! तिकडेही पोचला! अहो, या अल्डर फोर्कमधून पत्र टाकलं तर ते शेजारच्या गावाला पोचेपर्यंत आजारी माणूस बरा होतो नाहीतर जातो, आणि हा मेला शब्द डोंगर उतरून, ऑरेगनची हद्द ओलांडून कॅलिफोर्नियात जाऊन बसला! काय अर्थ आहे हो तुमच्याकडे त्याचा? ...'येतो सांगून जाणे आणि न येणे.' बरोब्बर. वस्तू हरवली तरी म्हणता? 'माझ्या किल्ल्या हॉलिस झाल्या'? कपाळ माझं! आणि तोंडातून काढताना कुणाच्या मनात येतं का, की हा शब्द कुणाचा तरी असेल? त्याला दाढी असेल, पायात मोजे असतील, मोज्याला भोक असेल आणि ते भोक शिवत कुणीतरी बसली असेल? हॉलिस हे नाव आहे, साहेब. माणसाचं. हॉलिस बॅबकॉक. आणि मी व्हर्ना बॅबकॉक. हो, हो, बायको! आता टोपी कशाला काढताय? टोपी काढून शब्द परत जातो का आत? बोलणाऱ्याचं काय जातं हो!

आता मला शब्दांचंच वावडं आहे असं समजू नका. माझा धंदाच शब्दांवर चालतो! तुम्ही टोस्टवर दोन अंडी मागितलीत, तर मी आत काय ओरडले? ऐकलंत ना? 'आदम-हव्वा तराफ्यावर!' या बाईंनी हॅम, म्हणजे डुकराचं मांस, मागितलं, मी म्हटलं, 'नोहाचा पोरगा एक!' का? तर बायबलातल्या त्या नोहाच्या पोराचं नाव हॅम, झालं! बरगड्या मागितल्या तर 'पहिली बाई', कारण देवाने हव्वा बरगडीतून काढली. आमचे पाद्रीबाबा इथेच जेवतात, म्हणतात, 'व्हर्ना, माझ्या चर्चपेक्षा तुझ्या खिडकीतून बायबल जास्त ऐकू येतं.' आणि एखादा पदार्थ संपला की 'शहाऐंशी'! का शहाऐंशी? पंच्याऐंशीने काय घोडं मारलं होतं? शिकागोहून आलेला एक सांगतो की अमुक गुत्त्याचा तो घरक्रमांक, न्यूयॉर्कवाला सांगतो छे छे, तमुक वाफेच्या भांड्यात तेवढ्याच वाट्या मावायच्या, दोघेही आईची शपथ घेतात आणि दोघांनाही ठाऊक काही नसतं. मीही ओरडते, 'ॲपल पाय शहाऐंशी!' माझं तरी काय जातं?

आणि माणसं! या गावात खऱ्या नावाने माणसाला फक्त कोर्ट ओळखतं. डोक्यावर औषधालाही केस नाही तो 'कुरळ्या'. दारातून तिरका होऊन आत शिरतो तो 'काडी'. आणि त्या कोपऱ्यात बसतो तो लोणच्या, लोणच्या हॅगर्टी. तुम्हाला वाटेल लोणचं आवडत असेल. इथल्या पोरांनाही तसंच वाटतं, त्याला वाढदिवसाला बरणी भेट देतात मेले! अहो, त्याचा धाकटा भाऊ जंगलात गेला, झाडाखाली सापडून. पुरून आल्यावर जेवण होतं, आणि हा बाबा कोपऱ्यात उभा राहून काकडीच्या लोणच्याची अख्खी बरणी संपवत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि कुणी जवळ गेलं की म्हणायचा, 'आंबट आहे. भलतंच आंबट आहे.' त्या दिवसापासून लोणच्या. आणि त्या दिवसापासून त्याने लोणच्याला हात लावलेला नाही. पण आता हे सांगणार कोण? नाव राहिलं, रडणं गळून पडलं.

तुम्हाला सांगते, या गावात माणूस मेला की त्याचं काहीतरी होतंच. नदीचं वळण होतं, पूल होतो, नाहीतर शिवी होते. लाकडाच्या गिरणीत एक पायरी आहे, तिला 'फ्रिट्झची पायरी' म्हणतात. फ्रिट्झचा पाय तिथे राहिला. फ्रिट्झ नाही राहिला. रोज शंभर माणसं म्हणतात, 'अरे, फ्रिट्झवर तेल सांडलंय, बघून चढ.' आणि जंगलात झाडावर मोडकी फांदी अडकलेली असते ना, कधी खाली येईल नेम नाही, तिला आमचे लोक काय म्हणतात माहितीय? 'विधवाकरणी'! हसत हसत म्हणतात! 'अरे वर बघ, विधवाकरणी आहे', असं सांगतात आणि तिच्याचखाली बसून डबा खातात! म्हणजे ज्या बाईचं कपाळ फुटायचंय ती घरी कणीक मळतेय आणि हे इकडे तिच्या नावाने फांदीचं बारसं करून मोकळे. बोलणाऱ्याचं काय जातं हो! ...कुणाचं वळण झालं, कुणाची पायरी झाली, आणि माझ्या नवऱ्याचं क्रियापद झालं.

तर त्या सकाळचं सांगते. मार्च महिना, नदी फुगलेली. हॉलिसचं काम नदीवर, तरंगत्या ओंडक्यांवरून खिळ्यांचे बूट घालून चालायचं आणि आकडीच्या काठीने ओंडके गिरणीकडे ढकलायचे. चालायचा असा की बघत राहावं. चर्चमध्ये नाचायला उभा केला तर माझ्या पायावर पाय देणारा माणूस, पण नदीतल्या गोल फिरणाऱ्या ओंडक्यावर नुसता मांजरासारखा! तर मी अंडी केली होती, ताटात वाढली होती, एवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, साखळी तुटली, ओंडके सुटले! हा उठला. टोपी घातली. दारात म्हणाला, 'हा आलोच, व्हर्ने. अंडी झाकून ठेव.' मी झाकून ठेवली. एका ताटावर दुसरं ताट.

झालं. एवढंच.

टोपी सापडली, खाली वळणापाशी. माणसं दोन्ही काठांनी फिरली, आकड्या टाकटाकून नदी ढवळली, काही नाही. मी म्हटलं बुडाला. दुसरं काय म्हणणार? पण त्याच दुपारच्या बसने ती केसांचं तेल विकणारी बाई गेली ना! डेल्फिन का कोण. आठवडाभर गावात होती, टकल्या माणसांनासुद्धा तेल विकत होती. कुरळ्याने तीन बाटल्या घेतल्या होत्या, यावरून समजा. मग काय, गावाने गणित मांडलं! मी म्हणायचे, 'अरे पण टोपी सापडली ना?' 'टोपी काय व्हर्ने, कुणीही फेकेल.' 'मग खिळ्यांचे बूट घालून कोणी पळतो का?' 'अनवाणी पळतात होय?' 'बसमध्ये दिसला का कुणाला?' 'तेच तर! लपूनच बसला असणार!' आता याला काय बोलायचं? दिसला असता तर पळाला, नाही दिसला तर नक्कीच पळाला!

आणि शब्द कुठे जन्मला? इथे! तुमचं कोपर आहे ना, त्याच जागी! त्या वेळेला माझी खाणावळ नव्हती, मी नुसती वाढायला होते इथे. लोणच्याचा हातोडा नदीत पडला होता. आला, बसला, कॉफी मागितली, कुणीतरी विचारलं, 'हातोडा कुठाय रे?' आणि हा म्हणतो कसा, 'हा आलोच म्हणाला आणि हॉलिस मारला.' सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कुणाच्या तरी नाकातून फुस्स झालं... आणि मग जे हसले, जे हसले! टेबलावर थापा मारून हसले! मी कॉफी ओतत होते. ओततच राहिले. कप भरला, बशी भरली, लोणच्याची मांडी भरली. तो ओरडला, मी नाही थांबले. दुसऱ्या दिवशी माफी मागायला आला, टोपी हातात, 'व्हर्ने, तोंडातून निघून गेलं गं.' निघून गेलं! बोलणाऱ्याचं काय जातं हो!

निघालं ते निघालंच. शाळेत मास्तरीण पोरांना विचारायची, 'गृहपाठ कुठाय? हॉलिस?' डॉक्टर म्हणायचा, 'ताप हॉलिस झाला, आता काळजी नाही.' पाद्रीबाबा, अहो आमचे पाद्रीबाबा, ईस्टरच्या आधीच्या प्रवचनात मन लावून सांगतायत, की येशूला पकडायला शिपाई आले आणि सगळ्या शिष्यांनी ऐनवेळी हॉलिस मारला! सगळं चर्च वळून माझ्याकडे बघतंय! मग ते लालेलाल झाले, खोकले, पाणी प्यायले. आणि मग लढाई आली, गावची पोरं फौजेत गेली, पोरं जिकडे जातात तिकडे शब्द घेऊन जातात, खिशातल्या तंबाखूसारखा वाटत जातात. तसा तो तुमच्या सॅक्रामेंटोला पोचला असणार.

मी दगड उभा केला. चर्चच्या मागे. 'हॉलिस बॅबकॉक. नदीने नेला.' खाली कुणी नाही, मला माहितीय. कुंपणावर बसलेली पोरं काय म्हणाली? 'दगडाखालीसुद्धा हॉलिस मारलाय!' मी त्यांच्यामागे छत्री घेऊन धावले... पण तुम्हाला सांगते, थोडं पुढे जाऊन मलाच हसू आलं. आणि मग तिथे गवतात बसून रडले, कारण विनोद चांगला होता हो! चांगला होता, हेच वाईट.

तुम्ही म्हणाल, बाई, माणूस गेला तो गेला, बुडून काय नि पळून काय. नाही! तसं नाही! बुडाला असेल तर तो येणार होता. पोचला नाही, ती गोष्ट वेगळी, नदीला कोण काय करणार? पण परत यायला निघणार होता, अंड्यांकडे, माझ्याकडे. आणि पळाला असेल तर तो 'आलोच' म्हणाला तेव्हाच खोटं बोलत होता, आणि मी बावळट, ताटावर ताट ठेवून बसले. मला दुसरं काही नको होतं. अंडी गार झाली ती नदीमुळे, माझ्यात काही कमी होतं म्हणून नाही, एवढंच मला कुणीतरी म्हणायला हवं होतं. एवढंच! एवढ्या मोठ्या गावात एकाने! नाही म्हटलं कुणी.

आणि मग तो शब्दकोशवाला आला. मागच्या हिवाळ्याआधी. प्रुइट नाव. कोवळा, चष्मा, गळ्यात बांधलेला टाय खारवलेल्या माशासारखा. कुठल्याशा विद्यापीठातून निघालेला, असले बोलीतले शब्द गोळा करायचे, कुठून आले, कसे आले, कुणाला टोपणनाव कशावरून पडलं, सगळं पुस्तकात छापायचं! बरोबर आवाज पकडायचं यंत्र, दोन चाकांचं, एवढं जड की गाडीतून काढताना काडीने मदत केली आणि काडीची कंबर धरली. मला म्हणाला, 'बाई, त्या शब्दाचा उगम याच गावात आहे असं ऐकतो.' मी म्हटलं, उगम? बस! बस इथे! ॲपल पाय खा! छापून आलेल्याला वजन असतं हो. माझ्या तोंडाचं कुणी ऐकलं नाही, पण पुस्तक म्हणालं 'बुडाला', तर गाव काय पुस्तकाला म्हणणार आहे, 'टोपी कुणीही फेकेल'?

पण तो शहाणा, आधी सगळ्यांना विचारणार! बाकावरच्या टग्यांना तर काय, यंत्र बघून उधाणच आलं. कुरळ्या सांगतो, 'हॉलिसला मी स्वतः रिनोच्या जुगारखान्यात बघितला, अंगात रेशमी शर्ट.' काडी म्हणतो, 'तेलवाल्या बाईला चार मुलं झाली, चारही जन्मतः भरघोस केसांची.' त्या यंत्राची चाकं फिरतायत, फिरतायत, आणि माझा नवरा त्यांच्यावर गुंडाळला जातोय. लोणच्या तेवढा काही बोलला नाही. मी म्हटलं, 'सांग ना रे, तू सांग, बुडाला असेल म्हणून!' तो कॉफीत बघत राहिला. म्हणाला, 'व्हर्ने, मला माहीत नाही गं.' तेवढंही पुष्कळ होतं त्याचं.

मग दुपारी जेवणं आटोपली, सगळे गेले, मी आणि प्रुइट दोघंच. मी माझं सांगितलं. साखळी, टोपी, झाकलेली अंडी. त्याने नीट ऐकून घेतलं, हसला नाही, चांगल्या घरचा मुलगा. मग चष्मा पुसत म्हणाला, 'बॅबकॉकबाई, अडचण अशी आहे, की पळून गेला म्हणणारे गावभर आहेत आणि बुडाला म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. तशी तुमच्या बाजूने बोलणारी आणखी एक साक्ष माझ्याकडे आहे. पण ती इथली नाही.'

मी म्हटलं, कुठली?

तर म्हणाला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं एक मासेमारीचं गाव... नाव सांगत नाही मी तुम्हाला, उगाच कुणीतरी जाऊन बघाल. तिथे मासळी डब्यात भरायचा कारखाना, तिथला स्वयंपाकी, अर्नी म्हणून एक म्हातारा. 'त्याला हा शब्द इतका नेमका ठाऊक होता, की मला आश्चर्यच वाटलं', म्हणाला. 'ऐकवतो.' आणि लावलं यंत्र.

आधी नुसती खरखर. समुद्रपक्षी ओरडतायत. मग प्रुइटचा आवाज, 'हॉलिस मारणे हा शब्द कुठून आला, सांगाल?' आणि मग...

तुम्हाला सांगते, हॉलिसचा पुढचा दात अर्धा होता. नाताळात अक्रोड फोडताना तुटलेला. त्यामुळे 'स' म्हटला की बारीक शिट्टी वाजायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्याला मुद्दाम 'सॉसेजेस' म्हणायला लावायचे.

'हॉलिस ना?' यंत्रातनं शिट्टी वाजली. 'होता एक बिचारा. उत्तरेकडे, ऑरेगनात. ओंडक्यांवर काम करायचा. सज्जन माणूस.' सज्जन! शिट्टी! 'साखळी तुटली म्हणून धावत गेला, पाय सटकला, संपला. शरीरसुद्धा सापडलं नाही. लोक त्याच्या माघारी भलतंसलतं बोलतात, सगळं साफ खोटं. बुडाला तो. सोन्यासारखा संसार होता, सोडून कशाला जाईल? बायको होती, चांगली होती बाई. अंडी छान करायची. काय बरं नाव तिचं... जिभेवर आहे बघा...' आणि थांबला. मी यंत्राकडे वाकले. त्या फिरणाऱ्या चाकांना मी म्हटलं, सांग. सांग मेल्या. 'नाही', म्हणाला. 'नाही आठवत.'

मग लांबून बाईचा आवाज आला. 'अर्नी! अंडी गार होतायत!'

आणि हा म्हणाला... हा म्हणाला, 'हा आलोच!' खुर्ची सरकली. दार वाजलं. मग नुसती खरखर, आणि पक्षी.

प्रुइटने बटण बंद केलं. अगदी निष्पापपणे म्हणाला, 'नंतर तो आलाच नाही बघा. मी बराच वेळ थांबलो, शेवटी माझी बस निघाली. गंमत आहे ना? शब्दाचा अर्थ विचारला, तर म्हाताऱ्याने करूनच दाखवला!' आणि हसला. बोलणाऱ्याचं काय जातं हो...

मी काय केलं? ओटा पुसला. पुसून झालेला ओटा पुन्हा पुसला. आणि खरं सांगू का, पहिल्यांदा मला आनंद झाला. जिवंत आहे! नदीत नाही, माशांनी खाल्लेला नाही, श्वास घेतोय, शिट्टी वाजतेय! लाज वाटते सांगायला, पण झाला. टिकला नाही. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत राग आला. गाव बरोबर होतं! कुरळ्या बरोबर होता! आजपर्यंत मी विधवा होते, साहेब, ताठ मानेने काळे कपडे घालून बसणारी विधवा, आणि एका शिट्टीसरशी काय झाले? टाकलेली. आणि नाव विसरला! त्याचं नाव अख्ख्या देशाला पाठ आणि माझं त्याला आठवेना! अंडी आठवली!

आणि मग मला तो दिसायला लागला. तिकडे, अर्नी होऊन, पळी हातात घेऊन उभा. आणि उत्तरेकडून कुणीतरी पोऱ्या कामाला येतो, जेवायला बसतो आणि म्हणतो, 'मिठाची बाटली हॉलिस झाली काय रे?' कसं झालं असेल त्याला! एवढ्या लांब पळाला, नाव बदललं, दाढी काढली असेल, आणि स्वतःचंच नाव मिठाच्या बाटलीवर बसून मागून आलं! रोज. उठता-बसता. त्याच्याकडे तर पाटी लावायचीही सोय नाही. आणि मग कुणी विचारलं की ही गोष्ट सांगत असणार, हॉलिस सज्जन होता, हॉलिस बुडाला. स्वतःलाच रोज नदीत ढकलत असणार. थोडं बरं वाटलं मला. थोडंसंच.

तेवढ्यात प्रुइट म्हणतो, 'आता बघा बाई, गावातली मंडळी सांगतात ती सगळी ऐकीव गोष्ट. पण तुम्ही प्रत्यक्ष पत्नी, आणि इतक्या दूरचा एक त्रयस्थ माणूस, ज्याचा यात काडीचा संबंध नाही,' त्रयस्थ हो, त्रयस्थ! 'तुमची ओळख नाही, देख नाही, आणि दोघं तंतोतंत एकच सांगताय. आमच्या शास्त्रात याला फार किंमत आहे. तर काय लिहू?'

आता सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? खरं? म्हणजे त्या बाकावरचे टगे खरे ठरले, पोरांनी दगड उखडून नदीत टाकला, आणि त्या शब्दाला पुस्तकात माझ्याच सहीने शिक्का? हा कोवळा मुलगा पेन उघडून बसलाय, बाहेर गिरणीचा भोंगा झाला, माणसं आता कॉफीला येतील... मी म्हटलं, 'लिही बाबा. बुडाला.'

त्याने लिहिलं.

पुस्तक आलं गेल्या महिन्यात. पाद्रीबाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं, इथेच. 'कर्तव्य बजावताना नदीत बुडालेल्या हॉलिस बॅबकॉक या ओंडकेवाल्याच्या नावावरून. पळून गेल्याची दंतकथा निराधार.' निराधार! कुरळ्याने रिनोतला रेशमी शर्ट तिथल्या तिथे गिळला. आणि लोणच्या... अहो, लोणच्या रडला. उघड्यावर, बरणीशिवाय. म्हणाला, 'व्हर्ने, मी त्याला शिवी केला गं.' आता दर रविवारी जाऊन तो दगड धुतो, शेवाळं खरवडतो, फुलं ठेवतो. पोरं कुंपणावरून उतरून टोप्या काढतात. मला बायका केक आणून देतात, इतके केक आलेत की खाणावळीत विकतेय! आणि मी सगळ्यांना 'आभारी आहे' म्हणते आणि रविवारी लोणच्याच्या शेजारी उभी राहते, तो रडतो, मी त्याला रुमाल देते. सांगू कसं त्याला? ज्याच्यासाठी रडतोय तो तिकडे गरम अंडी खातोय, हे? या गावात माझ्या दुःखाला पहिल्यांदा कुणीतरी खरं मानलंय आणि नेमकं तेच दुःख आता खरं राहिलेलं नाही. तुम्हाला सांगते ती एवढ्यासाठी, की टगे सगळे दरड उपसायला गेलेत आणि तुम्ही बसमध्ये बसून जाणार.

तो आला बघा तुमचा ड्रायव्हर! चिखलात लोळून आला बिचारा, पण आला! उठा, उठा. टोपी घाला साहेब. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने जाणार असाल आणि कुठे मासळीच्या कारखान्यात अंडी मागितलीत, तर काही बोलू नका, नुसती खा. छान असतील. माझ्याकडूनच शिकलाय. मी काही त्याला पत्रबित्र टाकणार नाही. काय लिहू? लग्नात पाद्र्यापुढे 'हो' म्हटलं त्यानंतर आमचं कशावर म्हणून जमलं नाही हो. खिडकी उघडी का बंद, बटाटा सोलून का सालासकट, माझी आई नाताळाला येणार का नाही, वादच वाद! आता तो तिकडे, मी इकडे, मध्ये एवढा मोठा डोंगर, दोघांची भेट नाही, बोलणं नाही, आणि आता म्हातारपणी, तेही छापील पुस्तकात, नवरा-बायकोचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं.

तो मेला.